रेअर अर्थच्या खाणी, राखेचे तलाव आणि आपली माती

खडकमाती

चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात रेअर अर्थ (दुर्मीळ मृदा) मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. तेव्हापासून आपल्याकडे जो तो मॅग्नेट, इलेक्ट्रिक गाड्या आणि क्षेपणास्त्रं यांवर बोलतोय. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने मॅग्नेट बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, त्यावरही इथे धागा निघाला. जिथून हे सगळं निघतं तिथल्या मातीचं काय होतं, असं मी त्या धाग्यावर विचारलं, तर "तुम्हीच लिहा" असं उत्तर आलं. माती-खडकांचं रासायनिक पृथक्करण हे माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहितोय.

लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंत पंधरा, शिवाय स्कँडियम आणि इट्रियम, अशी ही सतरा भावंडं. कुठल्याही साध्या शेतातली मूठभर माती घेतली तरी त्यात ती असतात (प्रोमेथियम सोडून, ते किरणोत्सारी आहे आणि निसर्गात जवळजवळ टिकत नाही). सगळी मिळून साधारण १०० ते २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०० ते २०० भाग. एकटं सेरियमच पृथ्वीच्या कवचात ६० पीपीएमच्या आसपास, म्हणजे तांब्याच्या तोडीस तोड. त्यामुळे "आमच्या मातीत रेअर अर्थ सापडलं" ही बातमी होऊच शकत नाही. ते कुठल्या रूपात आहे, हा खरा प्रश्न.

दक्षिण चीनमधलं गांझोऊ घ्या. जिआंग्शी प्रांतातला हा डोंगराळ, भरपूर पावसाचा भाग. खाली ग्रॅनाइट, आणि लाखो वर्षांच्या पावसाने त्याची कुजून झालेली लालसर चिकणमाती. ग्रॅनाइटमधल्या खनिजांतून सुटलेली रेअर अर्थ या मातीच्या कणांना नुसती चिकटून बसलेली आहेत, स्फटिकात अडकलेली नाहीत. १९६९ मध्ये लोंगनान परगण्यात हे लक्षात आलं. प्रमाण फार नाही, टक्क्याचा दहावा-विसावा हिस्सा. पण डिस्प्रोसियम, टर्बियम, इट्रियम यांसारखी जड भावंडं इथेच जास्त, आणि काढायला भट्टी लागत नाही की दळणयंत्र. अमोनियम सल्फेटचं पाणी ओतायचं. अमोनियम मातीवर बसतं, रेअर अर्थ सुटून पाण्यात येतं. मग ऑक्झॅलिक आम्ल किंवा अमोनियम बायकार्बोनेट घालून साका खाली बसवायचा.

सुरुवातीला डोंगराची माती खणून हौदात भिजवत. त्या पद्धतीचा एक हिशेब अभ्यासकांनी मांडलेला आहे: एक टन रेअर अर्थ ऑक्साइडमागे ३०० चौरस मीटर झाडोरा आणि वरची माती जाते, २,००० टन धुतलेली माती दरीत किंवा ओढ्यात पडते आणि १,००० टन सांडपाणी तयार होतं. पुढे "डोंगर फोडू नका, जागेवरच धुवा" असं धोरण आलं. म्हणजे माथ्यावर भोकं पाडून त्यातून अमोनियम सल्फेट सोडायचं आणि पायथ्याला पाणी गोळा करायचं. वरून डोंगर हिरवा दिसतो. पण जेवढं पाणी आत जातं तेवढं पायथ्याला मिळत नाही, उरलेलं भूजलात उतरतं. भिजलेले उतार घसरतात. मातीत मागे राहिलेलं अमोनियम वर्षानुवर्षं झिरपत राहतं, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं, सामू (पीएच) आणखी उतरतो, म्हणजे माती जास्त आंबट होते, आणि सामू उतरला की मातीला अजून चिकटून असलेलं रेअर अर्थ, शिसं, अ‍ॅल्युमिनियम सुटायला लागतं. खाण बंद झाली तरी हे चक्र थांबत नाही.

उत्तरेत अंतर्गत मंगोलियातलं बयान ओबो अगदी उलट. तिथे कठीण खडक, लोखंडाबरोबर बास्टनेसाइट आणि मोनाझाइट ही रेअर अर्थची खनिजं. खनिज शेदीडशे किलोमीटरवरच्या बाओतोउ शहरात नेतात आणि उरलेला चुरा शहराबाहेरच्या एका तलावात साठवतात. सुमारे दहा चौरस किलोमीटरचा तलाव, तळाला अस्तर नाही, आणि पीत नदी दहा-बारा किलोमीटरवर. इथे चिंता थोरियम आणि फ्लोराइडची. बास्टनेसाइट सल्फ्युरिक आम्लाबरोबर भाजलं की फ्लोरिन धुरातून बाहेर पडतं. त्या भागातल्या शेळ्यामेंढ्यांच्या दातांवर त्याचे परिणाम कित्येक दशकांपूर्वीच नोंदले गेलेत. तलावाचा चुरा वाऱ्याने आजूबाजूच्या शेतांत जातो. तिथल्या मातीत रेअर अर्थचा आकडा गांझोऊपेक्षा कितीतरी मोठा येऊ शकतो, पण त्यातलं बरंचसं खनिजाच्या कणांत बंद असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की एकूण पीपीएमचा आकडा पाहून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. कमी आकड्याची गांझोऊची माती पिकाला जास्त देऊ शकते, कारण तिथे ते सुटं आहे आणि माती आंबट आहे.

आपल्याकडचं काय, ते प्रतिसादांत बोलू. राख, जांभा, काळी वाळू, खतं, सगळ्यावर प्रश्न येणार हे माहीत आहे.

निशिगंधा

वाचतेय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

तर्कटराव

लेख छान, पण या सगळ्या गोष्टी पाश्चात्त्य माध्यमांतून येतात. चीनची मक्तेदारी खुपते म्हणून तिथलं प्रदूषण मोठं करून दाखवायचं. अमेरिकेने काय दिवे लावले?

खडकमाती

तर्कटराव, जून २०१२ मध्ये चीनच्या राज्य परिषदेने (म्हणजे तिथल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने) रेअर अर्थ उद्योगावर स्वतःची श्वेतपत्रिका काढली, त्यात पर्यावरणाची हानी सरळ कबूल केलेली आहे. त्याच वर्षी त्यांच्या उद्योग मंत्रालयाच्या उपमंत्र्यांनी एकट्या गांझोऊच्या सफाईचा खर्च ३८ अब्ज युआन सांगितला. सांडपाण्याची मानकं तर त्यांनी २०११ मध्येच लावली होती. बहुतेक मूळ शोधनिबंधही चिनी संशोधकांचेच आहेत.

अमेरिकेबद्दलचा टोला मात्र योग्य. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीची सांडपाण्याची नळवाहिनी १९८० आणि ९० च्या दशकांत वारंवार फुटली, वाळवंटातल्या कोरड्या तळ्याकडे खारं, थोडंसं किरणोत्सारी पाणी गेलं. २००२ मध्ये ती खाण बंद पडली आणि जगाने ते काम आनंदाने चीनकडे सोपवलं. आता चीनने घरचे नियम कडक केल्यावर तेच अमोनियम सल्फेट सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन राज्यात पोचलंय. चिप्वी, पांगवा या भागांत उपग्रहचित्रांत डोंगरांवर निळसर-हिरवे हौद मोजता येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पांगवा काचिन बंडखोरांनी घेतलं तेव्हा जगभरच्या डिस्प्रोसियमच्या व्यापाऱ्यांचे कान टवकारले. तिथे सामू कोण तपासणार?

सत्तरीकर

गोव्यातून. आमच्याकडे रेअर अर्थची खाण नाही, पण लोहखनिजाचा लाल गाळ पावसात शेतात आणि नदीत उतरतो तो लहानपणापासून पाहिलाय. मांडवीच्या गाळातल्या रेअर अर्थवर इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी काम केलंय असं ऐकलं होतं. ते प्रदूषण म्हणून की आणखी कशासाठी?

खडकमाती

मुख्यतः गाळ कुठून आला ते ओळखण्यासाठी, आणि मला तोच या विषयाचा सगळ्यात देखणा भाग वाटतो.

ही मूलद्रव्यं रसायनात एकमेकांसारखी वागतात, पण सम अणुक्रमांकाची सहसा शेजारच्या विषमपेक्षा जास्त असतात. त्यामुळे नुसता आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. प्रत्येक आकड्याला प्रमाण म्हणून ठरवलेल्या, जुन्या ऑस्ट्रेलियन शेल (चिकणमातीच्या) खडकांच्या सरासरी आकड्याने भागलं की दाते जातात आणि गुळगुळीत रेघ उरते. त्या रेघेचा उतार, तिच्यातला एखादा उंचवटा किंवा खड्डा, यावरून माल कुठल्या खडकातून आला ते कळतं. सेरियम चार प्रभाराचं होऊ शकतं, युरोपियम दोन प्रभाराचं, त्यामुळे ही दोघं अधूनमधून रांग मोडतात. मांडवीतल्या गाळात लोह-मँगनीज खनिजाशी जुळणारी ठेवण मिळाली, म्हणजे खाणीचा माल मुहान्यापर्यंत पोचतोय हे नुसत्या लाल रंगापेक्षा भक्कम पुराव्यानिशी म्हणता आलं.

तुमच्या भातशेतीत त्या गाळाचा त्रास वेगळा: लोह आणि मँगनीज, वर बसणारा घट्ट थर, मुजणारे पाट. रेअर अर्थ तिथे फक्त साक्षीदार.

ऱ्हाइनकाठी

मी जर्मनीत राहतो. इथे हीच आलेखाची युक्ती दोनदा गाजली. १९९६ मध्ये बाऊ आणि डुल्स्की या संशोधकांनी दाखवलं की दाट वस्तीच्या नद्यांत गॅडोलिनियमचा उंचवटा येतो, आणि तो एमआरआयच्या आधी टोचतात त्या औषधाचा असतो. नंतर ऱ्हाइनमध्ये वर्म्स शहराजवळ लँथेनमचा उंचवटा सापडला, तो तेलशुद्धीकरणाचे उत्प्रेरक बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याचा होता. एरवी पाण्याचा रंग, वास, काहीच बदललेलं नव्हतं.

निशिगंधा

मी रेडिओलॉजीत आहे म्हणून एक भर. ते गॅडोलिनियम एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत बंद असतं, तसंच लघवीवाटे बाहेर पडतं आणि सांडपाणी शुद्धीकरणातून जवळजवळ जसंच्या तसं पुढे जातं. सुटं गॅडोलिनियम मात्र विषारी आहे. मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णांत काही जुन्या औषधांची पकड सैल पडायची आणि त्वचा दगडासारखी घट्ट व्हायची. म्हणून आता आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतो आणि घट्ट पकडीची औषधं वापरतो. खडकमाती म्हणतात ते "कुठल्या रूपात" आमच्याकडे असं कामी येतं.

माहूलकर

अवांतर असेल तर माफ करा. तेलशुद्धीकरणाचा उल्लेख आला म्हणून विचारतो, हवेतून पण येतं का हे?

खडकमाती

अवांतर मुळीच नाही. जड तेल तोडायच्या संयंत्रातला उत्प्रेरक म्हणजे लँथेनम-सेरियम घातलेली बारीक पूड. थोडी धुराड्यातून निसटते. एखाद्या दिवशी संयंत्र बिघडलं तर जास्त. अमेरिकेत ह्यूस्टनच्या हवेतल्या धुळीत लँथेनम आणि सेरियमचं गुणोत्तर पाहून असे दिवस ओळखले गेलेत. नैसर्गिक मातीत सेरियम लँथेनमच्या साधारण दुप्पट असतं. धुळीत लँथेनम वरचढ झालं तर तो माल मातीचा नाही.

भाट्ये_किनारा

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे, इल्मेनाइटची (लोह-टायटॅनियमच्या खनिजाची). त्यात मोनाझाइट म्हणजे रेअर अर्थ आणि थोरियम असतं असं वाचलं. आमच्या पोरांनी तिथे खेळायचं की नाही? केरळात कॅन्सर वाढलाय म्हणतात.

खडकमाती

अणुऊर्जा विभागाच्या यादीत मोनाझाइट असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे, पण केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्र यांच्या पुढे आपला वाटा नगण्य. रत्नागिरीची वाळू प्रामुख्याने इल्मेनाइट-मॅग्नेटाइटची, सह्याद्रीच्या बेसाल्टमधून आलेली. खेळू द्या.

केरळचं म्हणाल तर करुणागप्पळ्ळीच्या किनारपट्टीवर नैसर्गिक किरणोत्सार बराच जास्त आहे. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरने तिथल्या सुमारे ७० हजार लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत या किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही.

मोनाझाइट हे फॉस्फेट आहे, आणि अत्यंत चिवट. कोट्यवधी वर्षं नदीत घासलं, समुद्रात लोळलं तरी विरघळत नाही, म्हणून तर ते वाळूत उरतं. ते फोडायला तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवावं लागतं. आपल्याकडे हे काम इंडियन रेअर अर्थ्सने १९५२ पासून केरळात आलुवा इथे केलं. एकदा फोडलं की थोरियम, रेडियम, शिसं सगळं मोकळं होतं आणि ते कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहतो. किनाऱ्यापेक्षा कारखान्याच्या कुंपणाकडे लक्ष ठेवावं ते यासाठी.

मलेशियात बुकित मेराह इथे हेच घडलं. कथिलाच्या खाणीतून निघालेल्या मोनाझाइटवर १९८२ पासून कारखाना चालला, थोरियमचा कचरा नीट साठवला नाही, गावकरी कोर्टात गेले, शेवटी कारखाना बंद झाला आणि सफाईवर अंदाजे दहा कोटी डॉलर गेले. तिथली वाळू त्याआधीही होतीच की.

गावठी_शास्त्रज्ञ

+१. कुंपणाकडे लक्ष ठेवा हे वाक्य आवडलं.

मी कृषी शाखेचा. सुपर फॉस्फेट, १०:२६:२६ या खतांतूनही रेअर अर्थ शेतात जातं ना? चीनमध्ये तर मुद्दाम रेअर अर्थचं खत विकायचे.

खडकमाती

जातं. फॉस्फेट खडकात ते असतंच, रशियाच्या कोला भागातल्या अ‍ॅपेटाइटमध्ये टक्क्याच्या आसपास, मोरोक्कोकडच्या गाळाच्या फॉस्फेटमध्ये बरंच कमी. फॉस्फरिक आम्ल बनवताना त्यातलं बहुतेक जिप्समच्या ढिगाऱ्यात उतरतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम वेगळा काढतच नाहीत, त्यामुळे जे असेल ते पिशवीत.

पण हिशेब करून पाहा. हेक्टरच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात २२ लाख किलो माती धरतात. १५० पीपीएमने त्यात ३३० किलो रेअर अर्थ आधीपासून आहे. तुम्ही दरसाल ३०० किलो खत टाकलंत आणि त्यात ५०० पीपीएम धरलं, तर भर पडते १५० ग्रॅमची. आकडा दहा टक्क्यांनी वाढायला दोनशेहून जास्त वर्षं. मला त्याच खतातल्या कॅडमियमची काळजी जास्त वाटते, कारण त्याचं मुळात मातीत असलेलं प्रमाण फार थोडं असतं.

चीनचं रेअर अर्थ खत खरं आहे, दशकानुदशकं वापरलं. फार थोड्या मात्रेत मुळं वाढतात असे प्रयोग आहेत, मात्रा वाढली की उलटं होतं. धान्यात फार थोडं पोचतं, बहुतेक मुळांतच अडकतं.

चहाबाज

चीनमध्ये चहातल्या रेअर अर्थवर मर्यादा होती ना? आम्ही आयुष्यभर काय पितोय?

खडकमाती

होती. किलोला २ मिलिग्रॅम. २०१७ च्या सुधारित मानकातून ती काढून टाकली. चहाचं झाड आंबट जमिनीतलं, अ‍ॅल्युमिनियम आणि रेअर अर्थ दोन्ही पानांत घेतं, आणि जून पानांत जास्त. पण उकळल्यावर पाण्यात उतरतं त्यातलं थोडंच. चहा सोडायचा असेल तर दुसरं कारण शोधा.

रानवाटा

एका नेच्याबद्दल वाचलं होतं जो रेअर अर्थ शोषून घेतो. तो आपल्याकडे आहे का?

खडकमाती

डायक्रॅनॉप्टेरिस. पुन्हा पुन्हा दुभंगत जाणारी पानं, रस्त्यासाठी कापलेल्या दरडींवर गालिच्यासारखा पसरतो. सह्याद्रीत भरपूर. गांझोऊच्या उजाड खाणींवर हाच आधी उगवतो आणि वाळलेल्या पानात ०.३ टक्क्यांपर्यंत रेअर अर्थ साठवतो. पान कापून जाळून माल काढायचे प्रयोग चालू आहेत. आपल्या घाटातला नेचा एवढं साठवेल अशी अपेक्षा नको, बेसाल्टमध्ये मुळात ते कमी, ग्रॅनाइटसारखं नाही. याच कारणाने कोकणचा जांभा म्हणजे दुसरं गांझोऊ असं कोणी सांगत आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. (चहाबाज, तुमच्या वाट्याचा.)

वर्धाकाठ

भाऊ, आता माझं आयका. चंद्रपूर जिल्ह्यातला शेतकरी. गावाजवळ औष्णिक वीज केंद्र आहे, नाव नाही घेत. उन्हाळ्यात राखेच्या तलावावरून राख उडते आणि कापसाच्या शेतात बसते, पावसाळ्यात नाल्यातून येते. मागच्या महिन्यात एक जण आला, म्हणे राखेत रेअर अर्थ आहे, तुमची जमीन विषारी झाली, नाहीतर सोन्याच्या भावाची झाली, दोन्ही बोलला एकाच तोंडानं. माती तपासायचे बरेच पैसे सांगितले. करू का?

खडकमाती

भाऊ, आधी पैसे देऊ नका.

दगडी कोळशाच्या राखेत रेअर अर्थचं जागतिक सरासरी प्रमाण ४०४ पीपीएम आहे. कोळसा जळून जातो, खनिज मागे राहतं, म्हणून दाटतं. आपल्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के, त्यामुळे तितकं दाटतही नाही. समजा तुमच्या मातीत १५० पीपीएम आहे आणि वरच्या थरात दर दहा भागांत एक भाग राख मिसळली, म्हणजे डोळ्यांना दिसेल इतकी. आकडा होईल १७५. एवढा फरक एकाच शिवारातल्या दोन बांधांत निसर्गतःच असतो. वर राखेतलं रेअर अर्थ काचेसारख्या बारीक गोळ्यांत बंद, आणि तुमची काळी माती चुनखडीची, सामू आठच्या वर. तिथून ते कपाशीत जाणं अवघड आणि विकायला काढणं त्याहून अवघड. त्याची दोन्ही वाक्यं सोडून द्या.

राखेचा त्रास खोटा नाही, त्रास देणारे दुसरे आहेत. बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम हे राखेतून पाण्यात लवकर उतरतात. बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. राखेने पानं झाकली की झाडाला ऊन मिळत नाही, त्याला कुठलंही पृथक्करण लागत नाही, फोटो पुरतो.

वर्धाकाठ

मंग तपासायचं काय, आणि कुठली माती देऊ?

खडकमाती

तलावाकडच्या बाजूचं शेत आणि वाऱ्याच्या उलट दिशेचं, राख न पोचलेलं पण तशीच काळी माती असलेलं शेत, अशी दोन ठिकाणं घ्या. प्रत्येक ठिकाणी वरचा पाच सेंटीमीटरचा थर वेगळा आणि ३० ते ४५ सेंटीमीटर खोलीचा वेगळा. राख वरून आली असेल तर वर-खाली फरक दिसेल, मुळात खडकातूनच असेल तर नाही. हे चार नमुने कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी प्रयोगशाळेत द्या. सामू, क्षारता आणि पाण्यात विरघळणारं बोरॉन आधी करून घ्या. आर्सेनिक, सेलेनियम विहिरीच्या पाण्यात बघा, मातीपेक्षा ते तिथे लवकर कळेल. लोखंडी फावड्याचा गंज नको, प्लास्टिकचा किंवा लाकडी तुकडा वापरा. नमुना घेतला ती जागा, तारीख आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहा, शक्यतो ग्रामसेवकासमोर. पुढे प्रदूषण मंडळाकडे अर्ज केलात तर तीच वही लागते.

रेअर अर्थचं पृथक्करण करायचंच झालं तर वरचा आणि खालचा असे एका शेताचे दोन नमुने पुरेत, आणि ते राखेची ओळख पटवायला, विष शोधायला नाही. प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा: माती पूर्ण विरघळवणार की नुसत्या आम्लराजात (दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात) उकळणार, आणि युरोपियमच्या आकड्यातून बेरियमचा गोंधळ वजा करणार का. उत्तर देता आलं नाही तर नमुना परत घेऊन या. रिपोर्ट आला की इथे टाका, आलेख मी काढून देतो.

वर्धाकाठ

कापूस निघाला की करतो. त्या माणसाचा फोन आला काल परत, त्याला तुमचे दोन प्रश्न विचारले. म्हणे साहेबांना विचारून सांगतो.